वाळा, रोशा आणि गंधविद्या

झाशी शहरात वैशाख वणवा पेटला की दुपारी रस्ते ओस पडतात. बुंदेलखंडाचा हा प्रदेश खडकाळ. मातीचा थर पातळ, झाडोरा विरळ. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. 'लू' नावाचे कोरडे, भाजणारे वारे दिवसभर वाहत असतात. अशा वेळी दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत राहण्याची रीत उत्तर भारतात फार जुनी आहे. मराठीत ज्याला 'वाळा' म्हणतात, त्याच गवताच्या मुळांना हिंदीत 'खस' म्हणतात व त्या मुळांच्या पडद्याला 'खस की टट्टी'. संस्कृतात त्याचे नाव 'उशीर'. पुढे विजेचे कूलर आले, तेव्हा त्यांच्या बाजूच्या जाळ्यांतही वाळा भरला जाऊ लागला. बाहेरचा तप्त वारा त्या ओल्या मुळांतून आत येतो तो गार होऊन आणि एक मातकट, गोडसर गंध घेऊन. घरातील माणसे म्हणतात, "वाळा थंड असतो."

वाळा खरोखर थंड असतो काय? या साध्या प्रश्नातच सुगंधी तेलांच्या सर्व विद्येचे मर्म दडलेले आहे. पडद्यावरील पाण्याचे बाष्प होताना ते सभोवतीची उष्णता शोषून घेते. एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते आणि ती हवेतून घेतली जाते. म्हणून हवा गार होते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन वेगाने होते. त्यामुळेच हा उपाय झाशीत जसा लागू पडतो, तसा तो मुंबईच्या दमट हवेत पडत नाही. म्हणजे थंडावा पाण्याचा आहे. वाळ्याच्या मुळांचे काम पाणी धरून ठेवण्याचे आणि वाऱ्याला वाट देण्याचे. मग गंधाचे काम कोणते? तो मनाला निववतो, गारव्याची जाणीव गडद करतो. पाणी शरीराला देते आणि गंध मनाला देतो, हे दोन्ही एकाच झुळकेतून येत असल्यामुळे कोणते श्रेय कोणाचे हे सांगणे सामान्य माणसाला अवघड जाते. सुगंधोपचार, म्हणजे ज्याला आज 'ॲरोमाथेरपी' या नावाने ओळखले जाते, त्याच्या बाबतीतही नेमकी हीच अडचण पुनःपुन्हा उभी राहते.

वनस्पतीचा सुगंध तिच्या अंगातील बाष्पनशील तेलामुळे येतो. या तेलाला 'तेल' म्हणण्याचा प्रघात असला, तरी तिळाचे किंवा करडईचे तेल आणि हे तेल यांत मूलभूत भेद आहे. कागदाच्या एका तुकड्यावर तिळाच्या तेलाचा आणि दुसऱ्यावर निलगिरीच्या तेलाचा एकेक थेंब टाकून पाहावा. काही वेळाने निलगिरीचा डाग जवळजवळ नाहीसा होतो. तिळाच्या तेलाचा तेलकट डाग मात्र कायम राहतो. पहिले हवेत उडून जाते, दुसरे जात नाही. सुगंधी तेल हे एकच द्रव्य नसून अनेक, कधीकधी शेकडो, लहान-लहान रेणूंचे मिश्रण असते. पुदिन्यात मेंथॉल, लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्रल असे एखादे द्रव्य त्यात प्रमुख असते आणि त्यावरून त्या तेलाचा स्वभाव ठरतो. वनस्पती हे तेल माणसासाठी तयार करीत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. पाने कुरतडणाऱ्या किडींना, बुरशीला आणि चरणाऱ्या गुरांना दूर ठेवणे, परागीभवन करणाऱ्या कीटकांना जवळ बोलावणे, हा तिचा हेतू. माणूस या व्यवहारात मागाहून शिरला.

हे तेल वनस्पतीपासून वेगळे काढण्याची मुख्य रीत म्हणजे ऊर्ध्वपातन. झाशीच्या ईशान्येस असलेल्या कन्नौज या गावी ती आजही जुन्या पद्धतीने चालते. तांब्याच्या मोठ्या हंड्यात, ज्याला तेथे 'डेग' म्हणतात, फुले आणि पाणी घालून झाकण चिकणमातीने लिंपून टाकतात. खाली लाकडाचा किंवा शेणीचा जाळ लावतात. झाकणातून निघालेली बांबूची नळी दुसऱ्या एका निमुळत्या गळ्याच्या भांड्यात जाते. हे भांडे म्हणजे 'भपका'. तो पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला असतो. फुलांतील गंध वाफेबरोबर नळीतून येतो, गार होतो आणि भपक्यात आधीच घातलेल्या चंदनाच्या तेलात मुरतो. जाळ किती ठेवावा, भपका केव्हा बदलावा, हौदातील पाणी कधी पालटावे, हे सारे कारागीर हाताच्या स्पर्शाने आणि कानाने ठरवितो. त्याच्याजवळ तापमापक नसतो. अशा रीतीने तयार होते ते अत्तर. आणि चंदनतेलावाचून केवळ वनस्पतीचे तेल काढले, तर त्याला 'रूह' म्हणतात. गुलाबाच्या एक किलो तेलासाठी साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात, हे कळले म्हणजे त्याच्या किमतीचे आश्चर्य वाटत नाही. कन्नौजचे कारागीर भट्टीतल्या भाजलेल्या मातीपासूनही अत्तर काढतात. पहिल्या पावसाच्या सरीनंतर जमिनीतून येणारा गंध त्यात बंद केलेला असतो. 2014 मध्ये कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. तथापि चंदनाचे तेल अतिशय महाग झाल्याने बाजारातील पुष्कळशा 'अत्तरां'त आता पॅराफिनसारखी स्वस्त द्रव्ये आधार म्हणून वापरली जातात, ही गोष्टही लपविण्याजोगी नाही.

सर्वच फुले उकळणे सोसत नाहीत. मोगरा-चमेलीसारख्या फुलांचा नाजूक गंध उष्णतेने बिघडतो. त्यासाठी सोललेल्या तिळांचे आणि फुलांचे थरावर थर रचून ठेवीत. तिळांनी गंध शोषून घेतला की शिळी फुले काढून ताजी घालावयाची आणि अखेरीस ते तीळ घाण्यात घालून तेल काढावयाचे. हेच 'फुलेल'.

गंधविद्येचा उगम कोणत्या एका देशात झाला, असे निश्चयाने सांगता येत नाही. प्राचीन मिसर देशात देवळांमध्ये सुगंधी धूप जाळीत आणि मृतांच्या देहांना राळ व सुवासिक द्रव्ये लावीत. भारतात वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात 'गंधयुक्ति' हा स्वतंत्र अध्यायच आहे. त्यात तो एक मजेदार हिशेब करतो. सोळा द्रव्यांपैकी चार-चार द्रव्ये निवडून किती प्रकारची सुगंधी मिश्रणे होतील? उत्तर येते 1820. ज्योतिषी, गणिती आणि गंधी असा हा त्रिवेणी संगम पाहून आजच्या विद्यार्थ्यालाही कौतुक वाटावे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. त्यातही राजाच्या उपभोगांमध्ये सुगंधाला मानाचे स्थान आहे.

मराठी वाचकाला विशेष अगत्याची वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंगाधर नावाच्या लेखकाचा 'गंधसार' आणि त्यासोबतचा 'गंधवाद' हे ग्रंथ हस्तलिखितांतून उजेडात आणले. 'गंधवाद' संस्कृतात असला, तरी त्यावरील टीका मराठीत आहे. ज्या काळी मराठीतील बहुतेक लेखन भक्ती, तत्त्वज्ञान आणि आख्याने यांभोवती फिरत होते, त्या काळी कोणी एक मराठी माणूस अत्तरे आणि उटणी कशी करावीत हे आपल्या भाषेत समजावून देत होता. शास्त्रीय विषय मराठीत मांडता येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी ही टीका एकवार चाळून पाहावी.

ऊर्ध्वपातनाची कला नावारूपास आणण्याचे श्रेय अरबी आणि इराणी विद्वानांकडे जाते. नवव्या शतकात अल्-किंदी याने सुगंधांचे रसायन आणि ऊर्ध्वपातन या विषयावर ग्रंथ लिहिला. इब्न सिना (980–1037) या थोर वैद्याचे नावही गुलाबपाण्याशी नेहमी जोडले जाते. मोगल दरबारात या कलेला राजाश्रय मिळाला. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या सुगंधखात्याची माहिती दिली आहे. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधून काढले, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु जहांगीराने स्वतःच्या आठवणींत हे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. गुलाबपाणी गरम करून भांड्यात ओतताना वर साय धरल्यासारखा तेलाचा तवंग आलेला तिने पाहिला आणि तो निराळा काढून ठेवला. लेकीच्या कीर्तीपुढे आईचे नाव झाकले गेले, असे या प्रकरणी म्हणावे लागते.

झाशीत ही मोगली परंपरा आणि मराठी रीतिरिवाज एकत्र आले. अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल बसल्यावर कोकण-देशावरची अनेक कुटुंबे बुंदेलखंडात स्थायिक झाली. नेवाळकर घराण्याच्या काळात झाशी हे जवळजवळ एक मराठी गाव बनले होते. रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे 1857च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. शत्रू वेशीपाशी येऊन ठेपण्याच्या त्या दिवसांतही राणी लक्ष्मीबाईंच्या वाड्यात चैत्रातील हळदीकुंकू झाले, याची आठवण त्यांनी नोंदवून ठेवली आहे. मराठी घरांत हळदीकुंकवाची रीत आजही तीच आहे. आलेल्या सवाशिणीला हळदकुंकू लावावयाचे, मनगटाच्या मागील बाजूस अत्तराचे बोट ओढावयाचे, गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडावयाचे, ओटी भरावयाची. अत्तर आणि गुलाबपाणी हे शब्द फारसी-अरबी वळणाचे, हळद आणि कुंकू देशी. पण चांदीच्या एका तबकात ही सारी इतक्या सहजपणे नांदतात की त्यांची कुळे कोणी विचारीत नाही.

मराठी घराचे सुगंधाशी नाते अत्तरापुरते मर्यादित नव्हते. दिवाळीच्या पहाटे लावण्याच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, कचोरा, गव्हला, चंदन यांची पूड असते. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडतात. चैत्रात देवाला दवणा वाहतात. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, शेपा आणि वेखंड यांची धुरी देतात. सर्दीने चोंदलेल्या मुलाच्या उशाशी ओव्याची पुरचुंडी ठेवतात. यांपैकी कोणत्याही गोष्टीला कधी 'उपचारपद्धती' असे भारदस्त नाव पडले नाही.

खानदेशाचा वृत्तांत याहून निराळा, आणि थोडा खेदजनक. तेथील सातपुड्याच्या उतारांवर 'रोशा' नावाचे सुगंधी गवत आपोआप उगवते. याच गवताला संस्कृतात 'रोहिष' आणि मराठीत काही ठिकाणी 'तिखाडी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार, पिंपळनेर या भागांत पावसाळा सरल्यावर रानातच ओढ्याकाठी भट्ट्या लावून या गवताचे तेल काढीत. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानकडे जाई. गंमत अशी, की तेथे ते रोशाचे तेल म्हणून विकले जात नसे. तेथील व्यापारी ते गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. या भेसळीमागे रसायनशास्त्र आहे. रोशाच्या 'मोतिया' जातीच्या तेलात तीनचतुर्थांशाहून अधिक भाग जेरॅनिऑल नावाच्या द्रव्याचा असतो आणि तेच द्रव्य गुलाबाच्या गंधाचाही एक मुख्य घटक आहे. म्हणून रोशाला गुलाबाची झाक येते. 'सोफिया' ही याच गवताची दुसरी जात. तिचे तेल हलक्या प्रतीचे आणि आल्यासारख्या वासाचे. दोन्ही गवते दिसायला जवळजवळ सारखी, म्हणून कापणाऱ्याला नाकावर विसंबावे लागे. खानदेशातील डोंगरात घाम गाळून काढलेला गंध युरोपातील धनिकांच्या रुमालावर गुलाब म्हणून मिरवीत असे. त्या गवताचे किंवा ते कापणाऱ्याचे नाव मात्र तेथवर पोहोचले नाही. पुढच्या काळात महाराष्ट्राने सुगंधाच्या उद्योगात स्वतःच्या नावाने पाऊल टाकले. मुंबईत 1922 मध्ये स्थापन झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

'ॲरोमाथेरपी' हा शब्द मात्र अगदी अलीकडचा. फ्रान्समधील लियाँ शहरातील रसायनज्ञ रने-मोरिस गात्फॉसे याने 1937 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाला हे नाव दिले. त्याच्याविषयी एक आख्यायिका सुगंधी तेले विकणारे हमखास सांगतात: प्रयोगशाळेत हात भाजला, त्याने तो चुकून शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडविला आणि जखम चमत्कार व्हावा तशी बरी झाली. गात्फॉसेने स्वतः जे लिहिले आहे ते इतके नाट्यमय नाही. 1910 मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात तो भाजला, पुढे हातांच्या जखमा चिघळून त्यांत घातक संसर्ग झाला आणि तेव्हा त्याने जाणूनबुजून लॅव्हेंडरच्या तेलाने त्या धुतल्या. म्हणजे हा अपघाताने लागलेला शोध नव्हता. तेलांच्या जंतुनाशक गुणाची कल्पना असलेल्या रसायनज्ञाने केलेला तो प्रयोग होता. त्याच्यानंतर झाँ व्हाल्ने या फ्रेंच लष्करी वैद्याने जखमांवर सुगंधी तेले वापरली आणि 1964 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. मार्गरीत मोरी हिने तेले सौम्य करून मर्दनासाठी वापरण्याचा प्रघात पाडला. आज शहरांतील सौंदर्यप्रसाधनगृहांत जो सुगंधोपचार दिसतो, तो मुख्यत्वे मोरीच्या वाटेने आलेला आहे. गात्फॉसे आणि व्हाल्ने यांना अभिप्रेत असलेले जंतुनाशक औषध आणि हे सुखद मर्दन यांत बरेच अंतर आहे. नाव मात्र एकच राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. गंधाचा शरीरावर आणि मनावर परिणाम होतो काय? होतो, यात संशय नाही. नाकाच्या वरच्या भागात गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसात त्यांच्या ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार आहेत. हे ग्राहक कोणत्या जनुकांमुळे तयार होतात, हे शोधून काढल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना 2004 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी, श्रवण इत्यादी संवेदना मेंदूतील एका मधल्या ठाण्यावरून पुढे जातात. गंधाचा संदेश मात्र भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांकडे थेट पोहोचतो. मातीच्या पहिल्या वासासरशी बालपणीचे एखादे अंगण डोळ्यांपुढे उभे राहते, ते यामुळेच.

परंतु गंधाने मन सुखावणे निराळे आणि गंधाने रोग बरा होणे निराळे. एखादे औषध गुणकारी आहे की नाही हे ठरविताना काही रोग्यांना खरे औषध आणि काहींना तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य देतात आणि कोणाला काय मिळाले हे रोग्याला कळू देत नाहीत. सुगंधाच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. लॅव्हेंडरचा वास आला की तो आला, हे रोग्याला तत्काळ समजते. शिवाय मर्दनाबरोबर स्पर्श असतो, निवांतपणा असतो, कोणी तरी आपली काळजी घेत आहे ही भावना असते. वाळ्याच्या पडद्यात जसे पाणी, तसा येथे हा स्पर्श. झालेल्या गुणाचे श्रेय यांतील कोणाला द्यावयाचे? म्हणूनच या विषयावरील पुष्कळशा प्रयोगांचे निष्कर्ष डळमळीत राहिले आहेत. ताणतणाव काहीसा हलका होणे, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती थोडी कमी होणे, इतपत फायदा दिसून आल्याचे अनेक वैद्य मान्य करतात. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार तेलाच्या वासाने बरे होतात असे जो सांगतो, तो मात्र रोग्याची फसवणूक करतो.

काही तेलांचे गुण याहून भक्कम पायावर उभे आहेत. पण त्यांचे कार्य वासाने नव्हे, तर द्रव्याच्या प्रत्यक्ष क्रियेने घडते. लवंगेतील युजेनॉल दातांचे वैद्य दाढेत भरण्याच्या मसाल्यात वापरतात. पुदिन्याचे तेल विशिष्ट आवरणाच्या गोळीतून थेट आतड्यात पोहोचविले, तर पोटातील मुरडा कमी होतो. केवळ वासाशी निगडित असा एक उपयोग मात्र अलीकडे फार लोकांना ठाऊक झाला. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये असे दाखविले, की ज्यांची घ्राणशक्ती गेली आहे त्यांनी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोन वेळा, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगले, तर त्यांच्यापैकी काहींची शक्ती सुधारते. 2020 मध्ये करोनाच्या साथीत जगभर असंख्य लोकांचा वास अचानक नाहीसा झाला, तेव्हा या साध्या व्यायामाचे मोल कळले. फोडणीचा, पावसाचा, लेकराच्या जावळाचा वास येईनासा होणे म्हणजे काय, हे त्या दिवसांत अनेकांनी अनुभवले. सुगंधाकडे चैनीची वस्तू म्हणून पाहणाऱ्यांचेही मत तेव्हा पालटले असेल.

'नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी आहे' हा समज या क्षेत्रात सर्वांत घातक ठरतो. जे द्रव्य किडीला मारते, ते लहान मुलाला अपाय करणार नाही असे कसे म्हणावे? मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी त्याला झटके येऊ शकतात. निलगिरीच्या तेलाचे काही मिलिलिटरही धोक्याचे असतात. म्हणून ही द्रव्ये मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी किंवा छातीवर वैद्याला विचारल्याखेरीज लावू नयेत. सुगंधी तेल त्वचेवर निव्वळ लावावयाचे नसते. खोबरेल किंवा तिळाच्या तेलाच्या 30 मिलिलिटरमध्ये सुमारे बारा थेंब, म्हणजे शेकडा दोन, हे प्रमाण मोठ्या माणसांसाठी पुरेसे असते. तेही प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून पाहावे. लिंबूवर्गीय काही तेले लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. दम्याच्या रोग्याला उग्र वासाने धाप लागू शकते. गर्भवती स्त्रियांनीही सावध असावे. वैद्याच्या सांगण्यावाचून कोणतेही सुगंधी तेल पोटात घेऊ नये.

झाशीच्या आसपासच्या शेतकऱ्याला या साऱ्या चर्चेत रोगापेक्षा पोटाचा प्रश्न अधिक दिसतो. बुंदेलखंडात अवर्षण वारंवार येते. त्यात 'अन्ना' नावाच्या प्रथेची भर: चारा संपला की गुरे मोकाट सोडून द्यावयाची. मोकाट जनावरांचे कळप उभे पीक फस्त करतात आणि शेतकरी काठी घेऊन रात्ररात्र बांधावर जागतो. गवती चहा आणि रोशा या गवतांना त्यांच्या तिखट वासामुळे गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. पाणीही त्यांना बेताचेच लागते. लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था अशा पिकांच्या सुधारित जाती तयार करते. 2017 मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने सुगंधी पिकांसाठी जी मोहीम हाती घेतली, तिच्या भूभागांत बुंदेलखंडाबरोबर विदर्भ आणि मराठवाडा यांचीही नावे होती. दुष्काळाने या प्रदेशांना एका पंक्तीत बसविले आहे. गुरांना आवडेल असे गवत कसे वाढवावे याचे संशोधन करणारी भारतीय चराई व चारा संशोधन संस्था 1962 पासून झाशीतच आहे. त्याच झाशीच्या परिसरात गुरांना नावडणाऱ्या गवतात शेतकऱ्याने आशा शोधावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

ही आशा सरधोपट मात्र नाही. एक टन ओल्या गवती चहातून जेमतेम चार-पाच किलो तेल निघते. ते काढण्याची भट्टी शेतापासून दूर असेल, तर वाहतुकीतच नफा जिरतो. तेलाचा भाव शेतकरी ठरवीत नाही. तेच द्रव्य कारखान्यात कृत्रिम रीतीने स्वस्तात तयार होऊ लागले की भाव कोसळतो. गहू विकला गेला नाही तर निदान घरी खाता येतो; गवती चहाचे डबाभर तेल घरात ठेवून पोट भरत नाही. म्हणून साऱ्या शेतात ते न लावता बांधालगत, पडीक तुकड्यावर किंवा गुरांच्या वाटेकडील पट्ट्यात लावणे शहाणपणाचे, असे अनुभवी शेतकरी मानतात.

वाळ्याचे गणित याहूनही नाजूक आहे. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात आणि माती घट्ट धरून ठेवतात. म्हणून बांध आणि ओढ्यांचे काठ राखण्यासाठी जगभर त्याची लागवड करतात. परंतु तेल मुळातच असल्यामुळे ते मिळविण्यासाठी सबंध झाड उपटावे लागते. नदीकाठचा रानवाळा खणून नेला की पहिल्याच पुरात काठ ढासळतो. लागवड केलेला वाळा सव्वा-दीड वर्षाने सपाट शेतातून काढला, तर ही हानी टळते. त्याचे तेल जड रेणूंचे असल्याने ते वाफेबरोबर फार सावकाश निघते. भट्टी अठरा-वीस तास, कधी त्याहूनही अधिक, सतत पेटती ठेवावी लागते आणि अखेरच्या तासांत येणारे तेल सर्वांत दाट, सर्वांत टिकाऊ असते. तांब्याच्या भांड्यामुळे त्याला हिरवट रंग येतो. तेल काढून घेतलेल्या मुळ्या वाळवून पुन्हा पडदे आणि कूलरच्या जाळ्या भरण्यासाठी वापरता येतात. त्यांवर पाणी शिंपडले तर हवा पूर्वीइतकीच गार होते. फक्त तिला वास येत नाही.